पक्षी कुजायचे, चित्रं टिकायची

शेताच्या कडेला तारेवर बसलेला नीलपंख (कुणी चास म्हणतं, कुणी नीलकंठ) आपल्याकडे बहुतेकांनी बघितलेला असतो, नाव माहीत नसलं तरी उडताना पंखातला तो निळा रंग लक्षात राहतोच. या पक्ष्याचं शास्त्रीय नाव कोरॅसिअस बेंगालेन्सिस. यातलं बेंगालेन्सिस दिलं स्वीडनच्या कार्ल लिनियसने (प्राण्या-वनस्पतींना अशी दोन शब्दांची शास्त्रीय नावं देणारा तो हाच), १७५८ साली. लिनियस आयुष्यात कधी भारतात आला नाही आणि त्याने या पक्ष्याचं जे वर्णन लिहिलं त्याचा आधार होतं एक छापील चित्र, लंडनच्या एलिअझर अल्बिन नावाच्या चित्रकाराने १७३१ मध्ये छापलेलं. अल्बिनने त्या चित्राखाली 'बंगालचा जे' (jay) असं लिहिलं होतं, आणि जे हा युरोपातला कावळ्याच्या नात्यातला पक्षी, म्हणून लिनियसनेही आपल्या नीलपंखाला सरळ कावळ्यांच्या गटात टाकून दिलं! गट नंतर दुरुस्त झाला पण बेंगालेन्सिस राहिलं ते राहिलंच.

कोकिळेचंही तेच. जॉर्ज एडवर्ड्‌स नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७४७ मध्ये एक ठिपक्याठिपक्यांची तपकिरी 'भारतीय कोकीळ' छापली, म्हणजे आपली मादी कोकिळा, आणि तिच्यावरून लिनियसने नाव दिलं. आता प्रश्न असा पडतो की शास्त्रज्ञ म्हणवणारी माणसं पक्षी सोडून चित्रांवर का विसंबत होती? आळशी होती का? तर नाही. उत्तर अगदी साधं आहे, मेलेला पक्षी टिकतच नव्हता.

आज म्युझियममध्ये दीडशे वर्षांपूर्वीचे पक्षी कापूस भरून ड्रॉवरमध्ये ओळीने पडलेले असतात, त्यामुळे आपल्याला वाटतं हे असंच चालत आलंय. पण १५०० ते १८०० या काळात, म्हणजे ज्या काळाबद्दल आपण बोलतोय त्यातल्या बऱ्याच वर्षांत, पक्ष्याची कातडी किड्यांपासून वाचवायची खात्रीची पद्धतच कुणाकडे नव्हती. वाळवून ठेवा, दारूत बुडवून ठेवा, मसाले भरा, काही वर्षांत कसर आणि भुंगे येऊन पिसांचा भुगा करायचे आणि दारूत ठेवलं तर रंग जायचा. ऑक्सफर्डला एक अख्खा डोडो (आता नामशेष झालेला पक्षी) होता, त्याचं आज उरलंय काय तर डोकं आणि एक पाय. चित्र मात्र छापलं की शंभर ठिकाणी गेलं, एक प्रत जळली तर बाकीच्या असतात. म्हणून त्या काळात चित्र हे सजावटीला नव्हतं, चित्र हाच नमुना होता, स्पेसिमेन होता, आणि झुरिकचा माणूस आणि लंडनचा माणूस भांडायचे तेव्हा दोघांच्या टेबलावर तेच चित्र असायचं. माझ्या मते निसर्गविज्ञान उभं राहिलं ते बऱ्याच अंशी या 'तेच चित्र' वर. ते चित्र चांगलं असायलाच पाहिजे असंही नाही, ते पुढे येईलच.

आधी छपाई कशी व्हायची ते थोडक्यात, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. सोळाव्या शतकात मुख्यतः लाकडी ठसे. लाकडाच्या फळीवर चित्र काढायचं, रेघा तेवढ्या ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढायचं, वर राहिलेल्या रेघांना शाई लावून कागद दाबायचा, म्हणजे रबरी शिक्क्यासारखंच. याचा फायदा असा की ठसा आणि अक्षरांचे खिळे एकाच वेळी एकाच पानावर छापता येतात, मजकुराच्या मधोमध पक्षी बसतो, स्वस्त पडतं. तोटा असा की रेघ जाड येते, पिसांचा बारकावा जातो. तांब्याच्या पत्र्यावर उलटं असतं, रेघ खोदायची (किंवा आम्लाने खाऊ द्यायची), शाई त्या खाचेत भरायची, वरची पुसून टाकायची आणि जोरदार दाबाच्या रुळाखालून ओला कागद काढायचा. रेघ केसासारखी बारीक येते पण प्रेस वेगळा, कागद जाड, खर्च कितीतरी जास्त, म्हणून चित्रांची पानं बहुतेक वेळा वेगळीच छापून मजकुराला जोडायची. आणि दोन्हीत रंग नाही! रंग हवा तर प्रत्येक प्रत हाताने रंगवायची, एकेक पान. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत एकाच पक्ष्याच्या छातीचा लाल वेगवेगळा दिसू शकतो. शिवाय छापताना चित्र उलटं होतं, डावीकडे बघणारा पक्षी उजवीकडे बघायला लागतो, त्यावरून दुसऱ्याने कॉपी मारली की परत डावीकडे, आणि यावरून आज अभ्यासक कुणी कुणाचं ढापलंय ते शोधतात.

१५५५ हे साल महत्त्वाचं. त्या एकाच वर्षी दोन मोठी पक्षीपुस्तकं आली, दोन वेगळ्या माणसांची. एक झुरिकचा डॉक्टर कॉन्राड गेस्नर. प्राण्यांवरच्या त्याच्या अवाढव्य ग्रंथाचा तिसरा भाग पक्ष्यांचा, पक्षी अकारविल्हे लावलेले (कारण दुसरी कुठली व्यवस्था तेव्हा धड कुणाकडेच नव्हती), आणि प्रत्येक पक्ष्यासाठी ठरलेले कप्पे, कुठल्या भाषेत काय म्हणतात, कुठे राहतो, स्वभाव कसा, खायला कसा लागतो, औषधाला काय उपयोग, कवींनी काय म्हटलंय. त्याची पक्ष्यांची बरीच चित्रं स्ट्रासबर्गच्या लुकास शानची, बाकीची युरोपभरच्या ओळखीच्यांकडून पत्राने मागवलेली. त्याच वर्षी त्याने फक्त चित्रं आणि चार भाषांतली नावं असा वेगळा अल्बमही काढला, ज्यांना एवढं लॅटिन वाचायचा कंटाळा त्यांच्यासाठी असावा, धंद्याचं गणित चांगलं होतं.

दुसरा फ्रेंच पिएर बेलाँ. याने एक भन्नाट गोष्ट केली, समोरासमोरच्या पानांवर माणसाचा सांगाडा आणि पक्ष्याचा सांगाडा, दोन्ही सारख्याच उंचीचे, उभे, आणि जुळणाऱ्या हाडांना सारखी अक्षरं. म्हणजे तुमचा दंड तो पक्ष्याच्या पंखात इथे, तुमची मांडी ती इथे. उत्क्रांतीचा विचार यायला अजून तीनशे वर्षं होती आणि बेलाँच्या डोक्यात तसलं काही नव्हतं, पण ही तुलना शब्दांत लिहून कुणाला पटली नसती, चित्रात एका नजरेत पटते.

त्यांच्यानंतर बोलोन्याचा उलिसे अल्द्रोवांदी, तीन जाडजूड खंड, १५९९ ते १६०३. या माणसाला काही सोडवतच नाही. कोंबडीवर लिहायला बसला तर कोंबडीचं शरीर, अंडी, रोग, झुंजी, म्हणी, देवादिकांच्या गोष्टी, स्वप्नात कोंबडी आली तर काय, कोंबडीचे पदार्थ, सगळं. आज वाचताना हसू येतं पण त्यांच्या दृष्टीने पक्षी म्हणजे नुसतं हाडामांसाचं शरीर नव्हतंच, पक्ष्याबद्दल आजवर जे जे बोललं गेलं ते सगळं मिळून तो पक्षी. हे लक्षात ठेवा, कारण पुढे शंभर वर्षांत नेमकं हेच बदललं.

आता बिनपायाच्या पक्ष्याची गोष्ट. बर्ड ऑफ पॅराडाइज, न्यू गिनीच्या बाजूचा (आपल्याकडचा स्वर्गीय नर्तक वेगळा, तो माशीमार आहे, याचा काही संबंध नाही). मॅगेलनच्या सफरीतलं उरलेलं एकमेव जहाज १५२२ मध्ये स्पेनला परतलं त्यात या पक्ष्यांची वाळवलेली कातडी होती, मोलुक्का बेटांवरच्या राजाने भेट दिलेली. तिकडे ही कातडी व्यापारासाठी तयार करताना पाय आणि बरीचशी हाडं काढून टाकायची पद्धत होती, पिसारा हाच माल. युरोपात पोचला तो बिनपायाचा पक्षी. मग डोकी चालायला लागली, पाय नाहीत म्हणजे बसत नसणार, म्हणजे आयुष्यभर हवेतच, मग खातो काय तर दव पीत असणार, अंडी कुठे तर मादी नराच्या पाठीवरच्या खळग्यात घालत असणार. गेस्नरने बिनपायाचं चित्र छापलं. त्या सफरीवर स्वतः गेलेल्या पिगाफेत्ताने पाय असतात असं लिहून ठेवलेलं होतं, पण अल्द्रोवांदीने उलट त्यालाच खोटं ठरवलं, कारण चित्रातही पाय नाहीत आणि समोरच्या कातड्यालाही नाहीत. पुरावा बघूनच बोलत होता बिचारा, पुरावाच कापलेला होता. शेवटी १६०५ मध्ये कारोलस क्लुसिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने पायवाले पक्षी हॉलंडला आल्याचं छापलं आणि हळूहळू भ्रम गेला. तरी १७५८ ला लिनियसने नाव काय ठेवलं, पॅराडिसिआ अपोडा, म्हणजे बिनपायाचा. आजही तेच नाव आहे.

(हा क्लुसिअस म्हणजे तोच ज्याने गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ऑर्ताचं, गोव्यातच १५६३ मध्ये छापलेलं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक लॅटिनमध्ये आणून युरोपभर नेलं. हे जग फार मोठं नव्हतं.)

पण चित्रांनी फक्त फसवलंच असं नाही. गेस्नरने वाल्डराप नावाचा एक पक्षी दिलाय, काळा, टकला, लांब वाकडी चोच, आल्प्सच्या कड्यांवर घरटी करणारा, आणि पिल्लं खायला उत्तम लागतात अशी नोंदही. लागतच असणार, कारण पुढच्या शतकात तो आल्प्समधून संपला. नंतरच्या पक्षीतज्ज्ञांना तो कुठे दिसेना, मग म्हणायला लागले गेस्नरने काहीतरी जुळवाजुळव केलेली दिसते. १८९७ मध्ये लक्षात आलं की मध्यपूर्वेत आणि उत्तर आफ्रिकेत असणारा टकला आयबिस तो हाच! साडेतीनशे वर्षं तो ठसा पुस्तकात पडून होता म्हणून हे कळलं तरी. आता त्याला युरोपात परत आणायचं काम चालू आहे आणि पिल्लांना स्थलांतराचा रस्ता शिकवायला माणसं छोट्या विमानांतून पुढे उडतात.

मध्येच गोव्याचं सांगून घेतो, कारण हा धागा खरोखर तिथून जातो. १५१५ मध्ये गोव्याहून एक गेंडा जहाजाने लिस्बनला गेला, गुजरातच्या सुलतानाने दिलेला. जर्मनीतल्या ड्यूरर या चित्रकाराने तो न बघता, ऐकीव वर्णन आणि एका रेखाटनावरून लाकडी ठसा केला, अंगावर चिलखताचे पत्रे, खांद्यावर एक जास्तीचं छोटं शिंग, आणि ते चित्र पुढे दोनशे वर्षं युरोपचा गेंडा होऊन बसलं, गेस्नरनेही तेच घेतलं. उलट दिशेने बघा, १६१२ मध्ये जहांगीर बादशहाचा माणूस मुकर्रबखान गोव्याहून काही अजब जनावरं घेऊन आग्र्याला गेला, त्यात अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणलेली टर्की (मोठ्या कोंबडीसारखा पक्षी) होती. जहांगीरने आपल्या आठवणींत लिहिलंय की बाबराने प्राण्यांची वर्णनं केली पण चित्रं काढून घेतली नाहीत, म्हणून मी काढायला सांगितली. त्याच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूर या चित्रकाराची ती टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आहे. मन्सूरच्याच नावावर एक डोडोही सांगतात, तोही जिवंत बघून काढलेला असावा असं मानतात, आणि डोडोच्या अस्सल चित्रांत त्याचा नंबर फार वर लागतो.

आता तुलना करा. ड्यूररचा गेंडा चुकीचा, मन्सूरचे पक्षी अचूक, पिसान्‌पीस अचूक. पण मन्सूरचं चित्र एक, ते बादशहाच्या ग्रंथालयात, बघणार कोण तर दरबारातली मूठभर माणसं. ड्यूररचा ठसा हजारोंनी छापला, लोकांनी बघितला, ढापला, तपासला, आणि शेवटी खरा गेंडा आला तेव्हा 'अरे हे चुकलंय' असं म्हणायला समोर काहीतरी होतं. कलेत मन्सूर कितीतरी पुढे, यात वादच नाही, पण चूक सापडायला आधी ती चारचौघांत जावी लागते आणि ते काम छापखान्याने केलं. आपल्याकडे असे चित्रकार असून निसर्गविज्ञानाची तशी परंपरा का नाही झाली याची कारणं बरीच असतील, मला हे कारण मोठं वाटतं. पुढे १८०० च्या सुमारास तंजावरच्या सरफोजीराजांनी, म्हणजे आपल्या मराठी राजांनी, पक्ष्यांची सुंदर चित्रं काढून घेतली आणि त्यांनी स्वतःचा देवनागरी छापखानाही काढला होता, पण ती चित्रं हातचीच राहिली, एक संच इंग्रज रेसिडेंटाला भेट गेला आणि आता ब्रिटिश लायब्ररीत आहे.

असो. परत इंग्लंडात. जॉन रे आणि फ्रान्सिस विलुबी, एक लोहाराचा मुलगा आणि एक श्रीमंत जमीनदार, दोघे मित्र, १६६० च्या दशकात युरोपभर पक्षी, मासे, झाडं बघत फिरले, वाटेत चित्रं विकत घेतली, स्ट्रासबर्गला एका कोळ्याने स्वतः तयार केलेलं पाणपक्ष्यांचं हस्तलिखितसुद्धा. विलुबी १६७२ ला गेला, वय फक्त ३६. रेने त्याचे कागद जुळवून १६७६ मध्ये लॅटिन आणि १६७८ मध्ये इंग्रजी पुस्तक काढलं. तांब्याच्या प्लेट्सचा खर्च विलुबीच्या बायकोने, एमाने केला, पुस्तकाच्या शीर्षकपानावर तसं छापलंय. प्रस्तावनेत रे दोन गोष्टी बोलतो. एक, यात दंतकथा, शकुन, नीतिकथा, प्रतीकं काही मिळणार नाही, पक्ष्याच्या अंगाशी आणि वागण्याशी संबंध असेल तेवढंच. अल्द्रोवांदीची कोंबडी इथे संपली! आणि दोन, चित्रं मनासारखी झाली नाहीत, कोरणारे कारागीर चांगले होते पण मी लंडनपासून लांब, सगळं पत्राने कळवायचं, कधी घाईत चुकीचं लिहिलं, कधी लिहायचा कंटाळा आला म्हणून अर्धवट लिहिलं. चित्रांची कामं कधी लांबून करून घेतली असतील तर हे वाचून रे एकदम जवळचा वाटतो.

आणि क्रम? अकारविल्हे गेलं. आधी जमिनीवरचे आणि पाण्याचे, मग चोच कशी, पाय कसे, आकार काय. म्हणजे पक्षी हातात धरून (किंवा चित्र समोर ठेवून) बघता येईल अशाच गोष्टी. यामुळे चित्रकाराचं कामही बदललं, आता चोचीचा वाक आणि बोटांची ठेवण नीट दिसलीच पाहिजे, म्हणून पक्षी बाजूने, पाय मोकळे, अशी ती ठराविक पोझ. आजच्या फील्ड गाइडमध्येही बहुतेक पक्षी तसेच उभे असतात.

हा सगळा धंदा खर्चिक होता. विलुबीचंच माशांवरचं पुस्तक रॉयल सोसायटी या लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेने १६८६ मध्ये काढलं, खपलंच नाही, तिजोरीत इतका खडखडाट झाला की न्यूटनचा मुख्य ग्रंथ छापायला पैसे राहिले नाहीत, ते हॅलेने पदरचे घातले आणि वर हॅलेला पगाराऐवजी माशांच्या पुस्तकाच्या प्रती दिल्या. हो, धूमकेतूवालाच हॅले.

म्हणून अठराव्या शतकात मार्ग निघाला तो आधी पैसे गोळा करायचा. मार्क केट्सबी १७२२ मध्ये अमेरिकेत कॅरोलिनाला गेला, काही श्रीमंतांच्या वर्गणीवर, परत आला तर चित्रं कोरून घ्यायला पैसे नाहीत, मग हा पठ्ठ्या स्वतःच तांब्यावर कोरायला शिकला. वीस-वीस चित्रांचे भाग काढून ग्राहकांना विकायचे, त्या पैशातून पुढचा भाग, असं करत १७४७ पर्यंत २२० प्लेट्स. शिकलेला कारागीर नसल्याने त्याने सावलीसाठी आडव्याउभ्या जाळीदार रेघा टाळल्या आणि पिसाच्या दिशेनेच रेघा मारल्या, कारागीर नाक मुरडतील पण पीस पिसासारखं दिसतं. आणि पक्षी ज्या झाडावर खातो-बसतो त्या झाडासकट काढायचा, हे तेव्हा नवीन होतं (सगळीकडे जोडी बरोबर नाही, काही ठिकाणी पान भरायला झाड टाकलंय हे उघड आहे). लिनियसने उत्तर अमेरिकेच्या डझनावारी पक्ष्यांची नावं केट्सबीच्या चित्रांवरून ठेवली. त्यातले कॅरोलिनाचा पोपट आणि पॅसेंजर पिजन आता जगात नाहीत.

आपला अल्बिन त्याच काळातला. त्याने पुस्तकातच जाहीर करून टाकलं की कुणाला वेगळा पक्षी मिळाला तर माझ्या घरी पाठवा, पत्ता अमुक. रंगवणं-रेखाटणं यात त्याची मुलगी एलिझाबेथ बरोबरीने होती. आणि कोकिळावाला एडवर्ड्‌स, डॉक्टरांच्या कॉलेजचा ग्रंथपाल, त्याला कोरायला शिकवलं केट्सबीने. लंडनला जहाजातून येणारे पिंजऱ्यातले, दारूतले, वाळवलेले पक्षी बघून हे लोक चित्रं काढायचे, म्हणून त्यांचे भारतीय पक्षी कधी बरोबर वाटतात आणि कधी भलत्याच फांदीवर अवघडून बसलेले. कंपनीची जहाजं नसती तर ही पुस्तकंही नसती.

लिनियसच्या १७५८ च्या यादीत साडेपाचशेच्या आसपास पक्षी आहेत आणि एकेका नावापुढे कुठल्या पुस्तकातलं कितवं चित्र ते दिलंय. पहिलं नाव ज्या वर्णनावर दिलं ते कायम, असा नियम नंतर झाल्यामुळे चित्राखालच्या चुकाही कायम झाल्या. सगळ्यात भारी उदाहरण कुकाबुरा. ऑस्ट्रेलियाचा हा हसरा खंड्या, न्यू गिनीत सापडत नाही, पण फ्रेंच प्रवासी पिएर सोनेराने मी न्यू गिनीहून आणला असं ठोकून दिलं, जिथे तो बहुधा पोचलाच नव्हता, मग पॅरिसच्या रंगीत चित्रमालेत (१००८ प्लेट्स, फ्रेंच निसर्गअभ्यासक बुफाँच्या ग्रंथासाठी) तो न्यू गिनीचा म्हणून छापला गेला, आणि त्या चित्रावरून १७८३ मध्ये नाव पडलं नोव्हेगिनी. याच सोनेराने न्यू गिनीचे म्हणून पेंग्विनही खपवले! त्याचं नाव आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याला आहे, गॅलस सोनेराटी, तो कोंबडा मात्र त्याने खरंच भारतात फिरून आणलेला.

चित्रांचं हे राज्य संपवलं ते साबणाने. फ्रान्सच्या मेत्झ गावातल्या बेकोअर नावाच्या औषधवाल्याने अठराव्या शतकाच्या मध्यावर आर्सेनिक, कापूर वगैरे घालून एक साबण तयार केला, कातड्याच्या आतून चोळला की किडे फिरकत नाहीत. त्याने कृती कुणाला सांगितली नाही, ती बाहेर आली १८०० च्या सुमारास, आणि मग ड्रॉवरच्या ड्रॉवर भरायला लागले, वाद झाला की चित्र नको, कातडं काढा. म्हणून म्युझियममधले एकोणिसाव्या शतकातले पक्षी आजही हातमोजे घातल्याशिवाय उचलत नाहीत, आर्सेनिक अजून तसंच आहे.